एक सन्माननीय सदस्य

जाण्याच्या आदल्या दिवशी अण्णांचं भांडण तांदळावरून चाललं होतं. आजऱ्याहून आलेलं पोतं घनसाळचं, म्हणजे तिकडच्या वासाच्या तांदळाचं आहे असं दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं आणि अण्णांना ते मान्य नव्हतं. मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन त्यांनी स्वतः हुंगले, बायकोला, म्हणजे कालिंदीबाईंना, हुंगायला लावले, आणि संध्याकाळी मुलगी संयोगिता कॉलेजच्या ग्रंथालयातल्या नोकरीवरून दमून आली तर चपला काढायच्या आत तिच्याही नाकाशी हात धरला.

"वास येतोय व्हय?"

तिने येतोय म्हटलं. मग तुला वासातलं काही कळत नाही, असा निकाल देऊन त्यांनी जेवताना त्याच तांदळाचा भात दोनदा मागून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडीवर वर्तमानपत्र उघडं असतानाच ते खुर्चीत गेले. वय एक्याऐंशी.

माजी आमदार दत्तप्रसाद धामणेकर. कोल्हापुरातल्या घरी आठ दिवस माणसांची रीघ होती. तेरावं उरकल्यावर मुंबईहून विधानमंडळाचा फोन आला. माजी सदस्य वारले की पुढच्या अधिवेशनात शोकप्रस्ताव मांडतात, त्यासाठी परिचय हवा होता. जन्मतारीख, शिक्षण, लढवलेल्या निवडणुका, सभागृहातील कामगिरी. पलीकडच्या बाई मऊ आवाजाच्या होत्या. एक पान पुरे, म्हणाल्या.

निवडणुकांचं अर्धं पान संयोगिताने एका बैठकीत लिहिलं, कारण ते घरात सगळ्यांना पाठ होतं. पहिली निवडणूक अण्णांनी उसन्या मोटारसायकलवरून लढवली आणि अनामत घालवली. दुसरीत पडले, पण एवढी मतं घेऊन पडले की पक्षाची माणसं घरी येऊन चहा पिऊन गेली. तिसरी जिंकले, चौथी जिंकले. पाचवी तीनशे अकरा मतांनी हरले आणि त्यानंतर त्यांनी कधी अर्ज भरला नाही.

पेन अडलं ते 'सभागृहातील कामगिरी'पाशी. पाचव्या निवडणुकीत त्यांना ज्याने पाडलं ते सभागृहातच घडलं होतं, आणि नेमकं काय घडलं ते तिला सव्वीस वर्षांत कळलं नव्हतं.

धरणासाठी उठवलेल्या गावांना जमिनीच्या बदल्यात जमीनच मिळाली पाहिजे, या एका गोष्टीवर अण्णा निवडून आले होते. त्यांच्याच पक्षाच्या सरकारने कायद्यात दुरुस्ती आणली, की जमीन शिल्लक नसेल तर रोख रक्कम द्यावी. ती आवाजी मतदानाने संमत झाली. मी 'नाही' म्हणालो, असं अण्णा सांगत. प्रचारात विरोधकांनी गावोगाव कर्ण्यावरून एकच प्रश्न विचारला. 'नाही' म्हणाला होता, तर मतविभागणी का मागितली नाही? मतविभागणी म्हणजे नावानिशी मोजणी. ती झाली असती तर कोण कुठल्या बाजूचा ते कागदावर आलं असतं. अण्णांनी कधी उत्तर दिलं नाही. काय केलं ते सभागृहात केलं, एवढंच म्हणत. घरातही एवढंच.

संयोगिता तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि पुस्तकं वाचून वाचून माणसं तपासायला शिकली होती. मतदानाची तिची पहिलीच वेळ. आईबरोबर गावातल्या शाळेच्या रांगेत उभी राहिली, आडोशाला गेली, आणि शिक्का तिने वडिलांच्या चिन्हावर न मारता चिमणाबाईंच्या शिलाई मशीनवर मारला. चिमणाबाई म्हणजे धरणात गाव गेलेली, अपक्ष उभी राहिलेली बाई. तिला पाचशेच्या आत मतं पडली. निकालाच्या दिवशी अण्णांनी घरातल्या सगळ्यांना जेवायला बसवलं आणि संयोगिताच्या भातावर आपल्या हाताने तूप वाढलं. हे ती कोणापाशीही बोलली नव्हती, आईपाशीदेखील नाही.

आता पान पुरं करायचं म्हणून तिने जुन्या अधिवेशनांच्या कार्यवाहीची छापील पानं संगणकावर उघडली. दोन तासांत आटपेल असं तिला वाटलं होतं, चार दिवस गेले. दुःख होतं तिथेच होतं, पण त्याच्या शेजारी एक जुनी सवयही जागी झाली. संदर्भ सापडेपर्यंत तिला जेवण गोड लागत नसे. अण्णांचं नाव जागोजागी भेटत होतं. नेसरीच्या दवाखान्याला डॉक्टर कधी मिळणार, आजऱ्याच्या एसटी स्टँडवरचा नळ दोन वर्षं कोरडा का, काजूच्या झाडांचा पंचनामा कोण करणार. हे सगळं बोलणं. मतांचं मात्र नवल होतं. दहा वर्षांच्या आमदारकीत अण्णांचं मत नावानिशी नोंदलं गेलं होतं फक्त दोनदा. बाकी शेकडो कायदे एका आवाजात गेलेले. प्रत्येकाच्या शेवटी 'होकाराचे बहुमत आहे' एवढी ओळ. माणूस आयुष्यभर दाराशी जाऊन मतं मागतो, आणि त्याच्या स्वतःच्या मताचा माग राहत नाही, हे इतकी पुस्तकं हाताळून तिला ठाऊक नव्हतं.

चौथ्या दिवशी ती दुरुस्ती सापडली. शेवटच्या चार ओळी तिने पुन्हा पुन्हा वाचल्या.

'एक सन्माननीय सदस्य : मतविभागणी.
अध्यक्ष : मागणी करणाऱ्या सदस्यांनी जागेवर उभे राहावे.
(एक सदस्य उभे राहिले.)
अध्यक्ष : मागणीला पाठिंबा नाही. विधेयक संमत झाले.'

कोण उभं राहिलं? कागद सांगत नव्हता. विरोधी बाजूचा कोणीही असू शकत होता. आईला विचारलं तर ती म्हणाली, तुझ्या वडिलांनी सभागृहातलं काही घरी आणलं नाही, मुंबईची चिक्की तेवढी आणली. आणि मग म्हणाली, मलकापूरच्या गणपतरावांना विचार, दोघं एका बाकावर बसायचे.

गणपतराव अण्णांच्याच पक्षातले, पुढे आणखी तीनदा निवडून आलेले. गुडघ्यांमुळे त्यांना भेटायला येता आलं नव्हतं. रविवारी सकाळी संयोगिता मलकापूरला गेली. ते व्हरांड्यात कॉटवर बसले होते. सुनेने चहा ठेवला. अण्णांची चौकशी झाली, शेवटी त्रास झाला का, जेवले होते का. संयोगिताने तांदळाचं सांगितलं तेव्हा ते पोट हलेपर्यंत हसले आणि हसता हसता डोळे पुसले. मग तिने पिशवीतून कागद काढला. चष्मा आत आहे, तूच वाच, म्हणाले. कंसातल्या ओळीपाशी त्यांनी हात वर केला.

"तो तुझा बाप."

तिने विचारलं, इतकं खात्रीने कसं सांगता.

"उठताना त्याच्या धोतराचा सोगा माझ्या गुडघ्याला लागला की. आजून लागतोय." त्यांनी गुडघा चोळला. "सहा जण उठणार हुतो आम्ही. आदल्या दिवशी कँटीनमधी ठरलं, वडा खात खात. अध्यक्ष म्हणलं उभं ऱ्हावा. दत्तू उठला. मी माझ्या बुटाकडं बघत बसलो."

"आणि बाकीचे चौघं?"

"ते कशाकडं बघत हुते मला म्हाईत न्हाय. मी बुटाकडं बघत हुतो."

चहावर साय धरली होती. संयोगिताने विचारलं, मग अण्णांनी हे लोकांना का सांगितलं नाही? तीनशे अकरा मतांनी तर गेले.

गणपतराव म्हणाले, मी उभा राहिलो असं सांगायचं, तर बसलं कोण हे लोक विचारणारच. आम्हा पाचांना पुन्हा उभं राहायचं होतं. पक्षानंही त्याला दम दिलेला, तेही थोडं असेल. उगाच त्याला देव करू नकोस. पण हरल्यावर तो इथे आला होता, याच कॉटवर बसला होता.

"म्या म्हणलं, दत्तू, सांगायचं हुतंस की. तर म्हणला, गणपा, माझ्या एकट्याच्या उभं ऱ्हाण्यानं कुणाला गुंठाभर जमीन मिळाली न्हाय, त्याची जाहिरात काय करू? आन् च्या मागितला."

संयोगिता कागदाची घडी घालत राहिली. घातली, उलगडली, पुन्हा घातली. शोकप्रस्तावात हे लिही, म्हणाले गणपतराव, आणि बसलेल्यात माझं नाव घाल. तसा रकाना नसतो, ती म्हणाली. मग घाल की नवा, म्हणून त्यांनी रस्त्याकडे तोंड केलं. रत्नागिरीकडे जाणारा एक ट्रक चढाला गियर बदलत गेला.

"तुला तवा काय वाटलं हुतं गं?" त्यांनी विचारलं. "मोठी हुतीस की तू. शानी. दत्तू सारखं तुझंच सांगायचा, पोरगी लई वाचती म्हणून."

काही नाही, असं म्हणायला तिने तोंड उघडलं.

"काका," ती म्हणाली, "माझं ते पहिलं मत होतं. ते मी अण्णांना दिलं नाही."