अकरावी खुर्ची

आमच्या चर्चमध्ये देव एक आणि मिस्सा दोन. सातची आपल्या भाषेत, दहाची त्यांच्या. सातला येणारे ते सातवाले, म्हणजे आम्ही. गवंडी, ड्रायव्हर, माझ्यासारख्या शिवणकाम करणाऱ्या बायका, रात्रपाळी संपवून थेट बाकावर येऊन पेंगणाऱ्या नर्सेस. दहाला येतात ते दहावाले. त्यांच्या वेळी पंखे लागतात. आमच्या वेळी म्हणे हवा थंड असते.

एरवी हे बरं चालतं. पंचाईत होते ती सणावारी, कारण तेव्हा फादर सगळ्यांना एकत्र कोंबतात. एक वाचन आपल्या भाषेत, दुसरं त्यांच्या. प्रवचन दोन्ही भाषांत, त्यामुळे दुप्पट लांब. आधी अर्धं चर्च छताकडे बघत बसतं, मग उरलेलं अर्धं. नाताळच्या देखाव्यात पोरं उभी करतात, त्यात मेंढपाळ आमचे आणि तिन्ही राजे त्यांचे. हे कुणी ठरवलेलं नाही, पण बदललेलंही नाही.

पवित्र गुरुवारी मात्र सारखी वाटणी असते. येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून फादर बारा जणांचे पाय धुतात. वेदीसमोर ओळीने बारा खुर्च्या, एक आपला माणूस, एक त्यांचा, पुन्हा एक आपला. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी अख्ख्या वस्तीतले सगळ्यात स्वच्छ पाय तिथेच असतात. कुणी नखं कापून येतो, कुणी पावडर लावून. एका वर्षी एका दहावाल्याने पायाला इतकं अत्तर चोपडलं होतं की फादरना शिंका आवरेनात.

माझे सासरे या विधीत कित्येक वर्षं होते, पण खुर्चीवर नाही. फादरच्या मागून कोमट पाण्याचा जग, तसराळं आणि टॉवेल घेऊन चालायचं काम त्यांचं. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. घरोघरी फरश्या बसवण्यात त्यांचा जन्म गेला. सासूबाई गेल्या आणि त्यांनी मनात एकच गोष्ट धरली, एकदा आपण त्या खुर्चीवर बसायचं. मला म्हणाले होते, "आयुष्यभर लोकांच्या पायाखाली काम केलं गं. एकदा कुणीतरी माझेही पाय हातात घ्यावेत, एवढंच." माणूस स्वतःसाठी कधी काही मागत नाही, आणि मागितलं तर हे.

या वर्षी उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी फादरनी वेदीवरून सांगितलं, "यंदा आपले मिस्त्री खुर्चीवर बसतील." सासऱ्यांना एकदम खोकला आला. खोकला कसला, डोळे पुसायला निमित्त हवं होतं.

मग त्यांना पायांची काळजी लागली. सिमेंटने आणि चुन्याने खाल्लेले पाय ते. टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा. उजव्या अंगठ्यावर कधीतरी फरशी पडली होती, ते नख गेलं ते परत आलंच नाही. मी अख्खा उपवासकाळ रोज संध्याकाळी मशीन बंद केलं की गरम पाणी घेऊन बसायची. वज्रीने टाचा घासायच्या, तेल चोळायचं. आधी ते फार लाजले. "सुनेनं पाय घासायचे म्हणजे काय," म्हणाले. मी म्हटलं, "फादरनी हात लावला आणि त्यांना खरचटलं तर नाव माझं खराब होईल. गप्प बसा." मग ते तोंडासमोर पेपर धरून बसायचे, म्हणजे दोघांनाही एकमेकांकडे बघावं लागायचं नाही. भर उकाड्यात ते घरात मोजे घालून फिरत होते, टाचा पुन्हा फुटू नयेत म्हणून. माझा नवरा ट्रक चालवतो, महिन्यातून एकदा घरी येतो. तो बापाचे पाय बघून म्हणाला, "बाबा, आता हे पाय जमिनीला लावू नका, आम्ही उचलून नेतो तुम्हाला." किती दिवसांनी घरात हसू फुटलं होतं.

माझे थोरले दीर दहावाले आहेत. जन्माने सातचेच, पण बँकेत साहेब झाले आणि त्यांचं घड्याळ पुढे गेलं. चर्चच्या कमिटीचे ते सेक्रेटरी. आमच्याकडे येतात ते नाताळात केकचा डबा घेऊन, आणि खुर्चीच्या टोकावर बसतात. त्यांची मुलं आजोबांशी त्यांच्या भाषेत बोलतात. आपण कुणाचे, हे त्यांनी दहाच्या मिस्सेत कधी सांगितलं नसावं. कुणी विचारलंही नसेल म्हणा.

गुरुवारी संध्याकाळी मी वेदीमागच्या खोलीत टॉवेलांना इस्त्री करत होते. सासरे नवा शर्ट घालून, चपला काढून कोपऱ्यात बसले होते. तेवढ्यात दीर आले.

"बाबा, जरा घोळ झालाय. आज पाय धुवायला फादर नाहीत, बिशप येताहेत."

"मग चांगलंच की," सासरे म्हणाले.

"त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. खाली बसता येत नाही. ते उभ्यानं पाणी ओतणार. पाय धरायला, पुसायला कुणीतरी सराईत माणूस पाहिजे. तुमच्याशिवाय कोण आहे?"

"तुम्ही आहात की भाऊजी," मी म्हटलं. "तुमचे गुडघे तर ठणठणीत आहेत."

"तू मध्ये पडू नकोस." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि फोटो निघणार आहेत. त्या अंगठ्याचं ते... बरं दिसेल का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या पायाला मी इतके दिवस घासूनपुसून माणसांत आणलं होतं, त्याच्याकडे हा गृहस्थ नाक मुरडून बघत होता. "मी फादरना विचारते," म्हणून मी निघाले. फादर बिशपना घ्यायला फाटकाशी गेले होते.

"जाऊ दे गं," सासरे म्हणाले. "तो म्हणतो ते बरोबर आहे. नवख्या माणसानं पाणी सांडलं आणि बिशप घसरले तर केवढ्याला पडेल?" ते उठले आणि त्यांनी फळीवरचा जग काढला. माझ्याकडे बघितलं नाही.

"आणि त्यांच्या खुर्चीवर कोण?" मी विचारलं.

"बघतो मी काहीतरी," दीर म्हणाले.

त्यांनी बघितलं. अकरावी खुर्ची आपल्या माणसाची होती, तिथे ते स्वतः बसले. आमच्या बाकांवर कुजबुज झाली, पण बिशपांपुढे कोण बोलणार? मी पहिल्याच बाकावर होते. दिरांनी बूट काढला, मोजा काढला. नखं ताजी कापलेली होती. बोटांना पावडर होती. म्हणजे घोळबिळ काही झालेला नव्हता, साहेब घरूनच ठरवून आले होते. तिथेच उठून चार शब्द सुनावावेत असं मला वाटलं. सासऱ्यांसाठी गप्प बसले.

बिशप उभ्याने पाणी ओतत पुढे जात होते आणि सासरे गुडघ्यांवर सरकत होते. पाय धरायचा, तसराळं सरकवायचं, पाय पुसायचा, पुढे. त्या वयात. बिशपांचे गुडघे दुखतात ते सगळ्या चर्चला माहीत होतं.

अकराव्या खुर्चीशी ते आले. पोराचा पाय त्यांनी तळहातावर घेतला. बिशपांनी पाणी ओतलं. बाकीच्यांचे पाय त्यांनी झटक्यात टिपले होते, इथे मात्र ते एकेक बोट उघडून पुसत राहिले. राग नव्हता हो त्यांच्या तोंडावर. मला तेच सहन होत नव्हतं.

आपलं गायन संपलं होतं आणि त्यांच्या गायकांची पानं अजून उलटत होती. त्या शांततेत सासरे आपल्या भाषेत, घरच्यासारखे, म्हणाले, "बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवत जा रे. लहानपणापासून तुला चिखल्या होतात."

शेजारच्या, बाराव्या खुर्चीवर दहावाल्यांतले एक डॉक्टर होते. भला माणूस. त्यांनी हसून दहावाल्यांच्या भाषेत दिरांना विचारलं, "काय म्हणतात हे? ओळखतात का तुम्हाला?"

फोटोवाला समोर उभा होता. दीर त्याच्याकडेच बघत त्याच भाषेत म्हणाले, "कोण जाणे. पाणी द्यायला असतो इथे. म्हातारा झालाय, काहीतरी पुटपुटत राहतो."

ती भाषा मला कळते, मी त्यांचे कपडे शिवते. आणि सासऱ्यांना तर माझ्यापेक्षा चांगली येते. जन्मभर त्यांच्याच स्वयंपाकघरांत आणि न्हाणीघरांत त्यांनी फरश्या बसवल्या. त्यांनी पोराचा पाय हळूच खाली ठेवला, टॉवेलची घडी उलटली आणि ते डॉक्टरांपुढे सरकले.

डॉक्टरांना त्यांची कीव आली असावी. ते वाकून म्हणाले, "बाबा, या वयात किती ओढाताण. घरी कुणी मुलगाबिलगा नाही का?"

सासऱ्यांनी त्यांचा पाय हातात घेतला. डॉक्टरांच्याच भाषेत, शेजारच्या खुर्चीवर नीट ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "आहे ना. एकच आहे. ट्रक चालवतो."