फेसाळणारं तीर्थ

हातखंब्याच्या तिठ्याजवळ तीर्थवाल्या महाराजांचा मांडव गच्च भरला होता. मिरजोळ्याचा काशीराम आपल्या बंड्या कुत्र्याला घट्ट दाबून बसला होता. महाराजांनी बंड्याच्या पायावरच्या जखमेवर तीर्थ ओतलं आणि पांढरा फेस फसफसत वर आला.

"बघा! काशीराम, तुझं पाप उकळून बाहेर येतंय!"

"होय महाराजा!" गाऱ्हाण्याला साथ द्यावी तशी गर्दी ओरडली. कुत्रं केकाटत होतं, त्याचं कुणाला काय!

पाप म्हणजे काय, तर काशीरामने काजूच्या बागेत रानडुकरांसाठी तारेची फासकी लावली आणि अडकला बंड्या. तेव्हापासून काशीरामच्या घशाखाली घास उतरत नव्हता. महाराजांना असंच गिऱ्हाईक लागतं. जखम भरेना, की ते म्हणत, "पाप मोठं आहे," आणि रोज ओतायला तीर्थाची बाटली देत.

गुरांना लस टोचायला वाडीत आलेल्या मृणाली डॉक्टरांनी बंड्याचा पाय पाहिला, बाटली पाहिली आणि घरातून एक कच्चा बटाटा मागवला. तो चिरून त्यावर तीर्थ ओतलं. तोच फेस!

"काका, बटाट्याने कुठलं पाप केलं?"

काशीरामने बटाट्याची फोड उचलून हुंगून पाहिली.

"हे हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानात मिळतं. रक्तमांसावर, अगदी कच्च्या बटाट्यावरही पडलं की फेसाळतं. जखमेत नवं मांस धरू लागतं, तेच हे रोज जाळतंय."

"म्हंजे मीच जाळत होतो, बाय?"

"हो, काका. पण आता थांबवता येईल."

त्यांनी जखम सलाईनने धुतली, जेलची पट्टी लावली, वर बँडेज बांधलं.

"जखम सुकवायची नाय?"

"नाही. जखमेत बेताचा ओलावा राहिला तर नवं मांस लवकर धरतं. पट्टी मी येऊन बदलेन. तुम्ही काही ओतू नका."

जखम हळूहळू कडेने भरत आली. महाराज मात्र अजून मांडवात पाप उकळवतात. म्हणून सांगतो, चूक झाली तर ती सुधारा, जखम झाली तर डॉक्टर गाठा, आणि चमत्कार दिसला की हे कशाने होतं ते विचारा. आपल्या अपराधाचं प्रायश्चित्त मुक्या जनावराला भोगायला लावू नका.

मी बंड्याचा पाय बघायला गेलो, तेव्हा काशीराम म्हणाला, "तीर्थ ओतायला मी हाक मारायचो. आग होणार हे ठावं असून तो दर खेपेला शेपूट हलवत यायचा."