धाकूच्या तांब्यावरचे पाच आकडे

दिंडोशीच्या कॉलनीत दशरथ गावडे यांचा हट्ट एव्हाना सगळ्यांच्या ओळखीचा झाला होता. वय अठ्ठ्याहत्तर, पण रोज संध्याकाळी मुलगी क्षमा अंधेरीच्या ऑफिसातून आली, की तिने चपला काढायच्या आत प्रश्न ठरलेला: "काही सापडलं?"

शोध त्यांच्या वडिलांचा होता. धाकू गावडे, जन्मभर गिरणीत राबलेला माणूस, मुलाला सांगायचा की दुसऱ्या महायुद्धात आपण बॉम्बफेकी विमानांच्या तुकडीत होतो. बारा वर्षांच्या दशरथने ते शाळेत सांगितलं, वर्ग खो खो हसला, आणि पोराने घरी येऊन बापाला तोंडावर म्हटलं, "तुम्ही थापा मारता." धाकूने पुन्हा कधी युद्धाचं नाव काढलं नाही. मरेपर्यंत नाही. बाप खरा की खोटा, एवढंच दशरथना डोळे मिटण्याआधी कळायला हवं होतं.

क्षमाने कंबर कसली. युद्धाच्या नोंदी सांभाळणाऱ्या कार्यालयांना आधी पत्रं, मग ईमेल, मग फोन. उत्तर एकच: नुसत्या नावावर माणूस सापडत नाही, सैनिक क्रमांक कळवा. आता कोकणातल्या धाकूंची शिरगणती कोण करणार! आणि घरात जुना कागद म्हणाल तर रेशनकार्डापलीकडे काही नव्हतं.

एका रविवारी माळा आवरताना तिच्या हाती आजीचा, म्हणजे धाकूच्या बायकोचा, रुक्मिणीचा, पितळी तांब्या आला. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात. चमचासुद्धा बिननावाचा राहत नाही. या तांब्यावर मात्र नुसते पाच आकडे. घरातले सगळे तो दुकानदाराचा नंबर समजत आले होते. पण दुकानदाराचा नंबर, आणि इतक्या निगुतीने, नेमका नावाच्याच जागी? क्षमाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फौजेत ज्याच्या प्रत्येक वस्तूवर नावाऐवजी सैनिक क्रमांकच होता, त्याने संसारातल्या तांब्यावरही नाव म्हणून तोच घातला होता.

तिने ते आकडे कळवले आणि सहा आठवड्यांनी ईमेल आला. धाकूच्या नेमणुकीचा कागद आणि तुकडीच्या रोजनिशीची बारा पानं.

"बाबा, सापडले!" ती दारातूनच ओरडली. "बॉम्बफेकी तुकडी, आसाम, एकोणीसशे चव्वेचाळीस. पण ते उडायचे नाहीत हं. खाली जमिनीवर, विमानाला बॉम्ब लावायच्या टोळीत होते."

"मग? बॉम्ब लावल्याशिवाय विमान काय हवा खायला जाणार?" दशरथ कडाडले. छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण ताणलं. बाप खरा होता. बावनकशी खरा. आणि त्या अभिमानातच ते गावच्या बोलीवर आले.

"बापाशीन माका अर्धीच गोष्ट सांगल्यान गो. फुडली मी सांगूकच दिलंय नाय."

क्षमाने मोबाइल पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. भिंतीचा आधार घेत ते उठले आणि ताठ उभे राहिले.

"तू वाच," ते म्हणाले. "पयल्या पानापासून. आता मी मधी बोलूचंय नाय."