कागद धरणारा हात

मी एक जुना हात आहे. दचकू नका, मित्रांनो. मी कुणाच्या अंगावरून निखळून पडलेला नाही. मी पितळेचा आहे, उजवा आहे, आणि सध्या एका लाकडी टेबलावर पालथा पडून आहे. मला पाच बोटं आहेत आणि त्यांच्या सांध्यासांध्यात घड्याळातल्यासारख्या बारीक स्प्रिंगा आहेत. एके काळी मी अंडं उचलायचो, कुलपात किल्ली फिरवायचो, सुईसुद्धा चिमटीत धरायचो. आता यातलं मी काहीच करत नाही. तरी माझी गोष्ट ऐका, कारण ती नुसती माझी नाही. दोन भावांची आहे.

थोरला भाऊ पुस्तकं बांधायचा. त्याला सगळे दादा म्हणत. धाकटा कुलपं तयार करायचा आणि बिघडलेली दुरुस्तही करायचा. त्याचं खरं नाव लोक विसरूनच गेले होते. तो सगळ्यांचा खटपट्या. हाताला काम नसलं की हा चांगलं चाललेलं घड्याळ उघडून बसायचा. दोघांची दुकानं एकाच रस्त्यावर होती, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला.

दादाचा उजवा हात कागद कापायच्या यंत्राखाली गेला. त्या दिवसाबद्दल त्या घरात कुणी कधी बोललं नाही, म्हणून मीही बोलत नाही.

पुस्तक म्हणजे तरी काय? मोठा कागद दुमडायचा, पुन्हा दुमडायचा, घडीवरून हाडाची पट्टी दाबून फिरवायची आणि मग ते सगळे जुडगे शिवायचे. पण पट्टी फिरवायला एक हात लागतो आणि कागद जागेवर धरून ठेवायला दुसरा. एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात. एका हातानं घडीही पडत नाही. कागद सरकतो. मग खटपट्या रोज सकाळी आपलं दुकान उघडण्याआधी दादाकडे जाऊन बसायला लागला. दादा म्हणायचा, "धर रे जरा." खटपट्या आपला तळवा कागदावर ठेवायचा, दादा डाव्या हातानं पट्टी फिरवायचा. दोघं कामापुरतं बोलायचे, पण घड्या सरळ पडायच्या आणि दादाचा धंदा कसाबसा तगला.

एके दिवशी दादा सहज म्हणाला, "तू तरी असा किती दिवस येणार? कागद धरायला मला काहीतरी करून दे ना."

झालं! 'कागद धरायला काहीतरी' एवढेच शब्द खटपट्याच्या कानात शिरले, पण डोक्यापर्यंत पोचेस्तोवर त्यांचा 'हात' झाला. नुसता हात नाही, जगात कुणी पाहिला नसेल असा हात. तोच मी.

दादाचा उजवा हात तर उरला नव्हता. माप कशावरून घ्यायचं? त्यांची आई म्हणायची, दोघांचे हात एका साच्यातून काढलेत. म्हणून खटपट्यानं पत्र्यावर आपलाच उजवा पंजा टेकवला आणि खिळ्यानं त्याच्या कडेनं रेघ ओढली. बोटांची लांबी, अंगठ्याचा बाक, तळव्याची रुंदी, माझं सगळं त्याच्यावर गेलं आहे. खांद्यावरून एक पट्टा यायचा. कोपर लांब केलं की तार ताणली जायची, माझी बोटं मिटायची आणि आतल्या दातेरी चाकावर कट्ट करून अडकायची. मनगटाशी एक कळ होती, ती दाबली की मी उघडायचो. कुलूपवाल्याचाच हात तो! एकदा मिटला की आपण होऊन सुटायचा नाही.

मी अजून अर्धवट होतो, लोखंडी पकडीत आवळून कानस खात होतो, तेव्हा एकदा वहिनी दुकानात आल्या. वहिनी म्हणजे दादाची बायको.

"भावजी, हल्ली सकाळचे येत नाही तुम्ही."

"वेळ कुठाय वहिनी! हे बघा, हे दादासाठीच चाललंय."

"ते दिसतंय हो. पण ह्यांचा कागद सरकतोय. दोन कामं परत गेली या आठवड्यात."

"थोडे दिवस कळ काढा म्हणावं. एकदा का हा तयार झाला, की माझी गरजच पडणार नाही!"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि पदराला हात पुसत त्या निघून गेल्या. ते थोडे दिवस चांगले वर्षभर लांबले.

मी तयार झालो तेव्हा मात्र कौतुकाला तोटा नव्हता. दादानं मला चढवलं, कोपर लांब केलं आणि पाण्याचा पेला उचलून ओठाला लावला. वहिनी रडल्या. त्यांची मुलगी छकुली माझ्या चिमटीत आपलं बोट देऊन "सोडू नका हं बाबा!" म्हणत नाचली. रस्त्यावरचे लोक मला बघायला आले. केस कापणारा म्हणाला, "आता हा माझ्याकडे कामाला पाठवा." खटपट्याची छाती फुगली, आणि खोटं कशाला बोलू, मीही जरा फुशारलो. निघताना खटपट्यानं तेलाची बुधली दादाच्या टेबलावर ठेवली. "रोज सकाळी सांध्यांत एकेक थेंब सोडायचा, दादा. विसरायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दादानं मला कागदावर ठेवलं. मित्रांनो, तिथेच सगळं फसलं. माझी बोटं टोकांवर टेकत होती आणि जिथे टेकत तिथे कोऱ्या कागदावर खळगे पडत. शिवाय सांध्यांतलं तेल बोटांवर ओघळायचं. कुलपाला तेल म्हणजे जीव, पण कागदाला तेल म्हणजे डाग, आणि डाग पडलेलं पान कुठलं गिऱ्हाईक घेईल? दादानं दोन-तीन कागद वाया घालवले. मग त्यानं मला काढून फळीवर ठेवलं आणि अंगणातला एक गुळगुळीत काळा दगड धुऊन आणला. तो दगड कागदावर ठेवून तो काम करू लागला. दगडही अधूनमधून हलायचा, पण डाग पाडत नव्हता.

"भावजींना सांगा ना," वहिनी म्हणाल्या.

"नको गं. वर्षभर जीव ओतलाय त्यानं. वाईट वाटेल त्याला."

म्हणून खटपट्याची चाहूल लागली की दादा घाईघाईनं मला चढवायचा. तो येऊन बघायचा, खूश व्हायचा, जायचा. तो गेला की मी पुन्हा फळीवर. दादानं त्याचं मन जपलं. पण त्या जपण्यात खरी गोष्ट सांगायची राहून गेली, आणि मला आजही वाटतं, त्याच वेळी कुणीतरी बोलायला हवं होतं. मला बोटं दिली होती, तोंड दिलं नव्हतं.

पुढे एक मोठं यंत्रांचं प्रदर्शन भरलं. नवनवी यंत्रं आली होती. आपोआप लिहिणारी बाहुली होती, वाफेवर चालणारा पंखा होता, आणि त्यांच्यात मी. खटपट्यानं दादाला नवा सदरा घालायला लावला. दादानं अंडं उचललं, टाळ्या पडल्या. सुईत दोरा ओवला, पुन्हा टाळ्या. परीक्षक म्हणून आलेल्या एका चष्मेवाल्या बाईंनी दादाला विचारलं, "तुमचा व्यवसाय काय?"

"पुस्तकं बांधतो."

"वा! मग एखादी घडी घालून दाखवा की या हातानं."

दादानं भावाकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला कळलं, खटपट्याला कळलं नाही. तो ऐटीत म्हणाला, "दाखव की दादा! रोजचंच काम आहे तुझं."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. कुणीतरी पांढराशुभ्र कागद पुढे केला. मी बोटं टेकवली. दादानं पट्टी फिरवली, कागद माझ्या टोकांखाली चुरगळला आणि मधोमध पिवळा तेलकट डाग पसरला. मागे कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. बाई पुढच्या यंत्राकडे वळल्या.

खटपट्याचं तोंड लाल झालं. "तू सरावच केला नाहीस! मी रक्त आटवलं याच्यासाठी आणि तू लोकांत माझी शोभा केलीस!"

दादाचा आवाज चढला नाही. "मी कागद धरायला काहीतरी मागितलं होतं. हात तुला हवा होता."

त्यानं खांद्यावरचा पट्टा सोडला, मला त्या डागाळलेल्या कागदावर ठेवलं आणि गर्दीतून निघून गेला. खटपट्या तसाच उभा राहिला. एक पाऊल पुढे टाकलं असतं तर दादा गाठता आला असता. त्यानं ते टाकलं नाही.

त्यानंतर दोन भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. दिवस गेले, वर्षं गेली. मी खटपट्याच्या दुकानात खिळ्याला लटकत होतो. माझ्यावर धूळ बसली, सांध्यांतलं तेल चिकट झालं, एका बोटात कोळ्यानं घर केलं. पूर्वी मला बघायला येणारी माणसं आता माझ्या अंगठ्याला टोपी अडकवून गप्पा मारत बसायची.

मग एका दुपारी खटपट्या गिऱ्हाइकासाठी किल्ली कागदात गुंडाळत होता. वाऱ्यानं कागद उडाला म्हणून त्यानं सहज त्यावर तळवा ठेवला. ठेवला, आणि तसाच थांबला. किती वेळ तो आपल्या हाताकडे बघत होता! बोटं नुसती पसरलेली होती. कागद धरला होता तो तळव्यानं.

"अरे गाढवा," तो स्वतःलाच म्हणाला.

त्यानं मला खिळ्यावरून काढलं. माझ्या तळव्याखाली एक सपाट पत्रा बसवला आणि त्यावर मऊ चामडं ताणून चिकटवलं. तेलाचा थेंब न् थेंब पुसून काढला आणि सांध्यांत शिसपेन्सिलीची पूड भरली. जिथे तेल चालत नाही तिथल्या कुलपांत तो आयुष्यभर हीच पूड घालत आला होता. माझ्या वेळी मात्र त्याला ती सुचली नव्हती. जी पूड वर सांडली ती त्यानं फडक्यानं पुन्हा पुन्हा पुसली. शेवटी मला कोऱ्या कागदावर घासून पाहिलं. कागद पांढराच राहिला.

मला स्वच्छ कापडात गुंडाळून तो निघाला. रस्ता केवढासा! पण अर्ध्यावर जाऊन तो परत फिरला. "आधी दादानं बोलवायला हवं," असं पुटपुटला. दुसऱ्या खेपेला म्हणाला, "आज त्याच्याकडे गिऱ्हाईक दिसतंय." तिसऱ्या खेपेला काहीच म्हणाला नाही. कापडातून मला त्याची छाती धडधडताना कळायची, मग पावलं वळायची आणि मी पुन्हा फळीवर यायचो. लोखंडाची कुलपं उघडणारा माणूस तो, पण त्याला हे साधं दार ढकलता आलं नाही.

अशातच तो आजारी पडला आणि त्यातून उठला नाही. निरोप दादाकडे पोचला, पण उशिरा पोचला.

दुकान आवरायला छकुली आली. आता ती मोठी झाली होती, केसांत पांढरी बट होती. फळीवरचं गाठोडं सोडून तिनं मला पाहिलं, उलटं केलं, तळव्याचं चामडं चाचपलं आणि हातातलं काम टाकून मला घेऊन तडक रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला गेली.

दादाच्या दुकानाचं दार कुलपानं लावलेलं नव्हतं. कडी पुस्तकं शिवायच्या दोऱ्यानं बांधली होती. छकुली दोरा सोडताना माझ्याशी बोलावं तसं बोलली, "काकाचंच कुलूप होतं. बिघडलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही बाबांनी. म्हणायचे, तो येईल तेव्हा करेल." दोघंही वाट बघत होते, मित्रांनो. रस्त्याच्या दोन टोकांना बसून.

तिनं हाक मारली तसा दादा मागच्या घरातून दुकानात आला. तो खूप म्हातारा झाला होता. त्यानं मला नाकाशी नेलं. तेलाचा वास आला नाही. त्यानं मला कागदावर दाबून फिरवलं आणि कागद उजेडात धरला. डाग नव्हता. मग तळव्याचं चामडं दिसलं आणि त्याला रडू फुटलं.

"कळलं होतं त्याला," तो म्हणाला. "छकुले, कळलं होतं गं त्याला. मग आला का नाही?"

 छकुलीनं पट्टा त्याच्या खांद्यावर चढवून पाहिला. खांदा वाळला होता, शेवटच्या भोकातही पट्टा सैल पडत होता. "नवीन भोक पाडते, बाबा."

"नको. राहू दे."

त्यानं टेबलावरचा काळा दगड उचलून खिडकीत ठेवला आणि त्या जागी मला पालथं ठेवलं. मग आपला डावा हात माझ्या शेजारी पसरला. बोटाशी बोट, अंगठ्याशी अंगठा. माप तंतोतंत जुळलं. 

तेव्हापासून मी इथेच आहे. माझ्या स्प्रिंगा गप्प आहेत, दातेरी चाक फिरत नाही, अंडी उचलायला मला कुणी सांगत नाही. म्हातारी यंत्रं सहसा तुम्हाला विनवतात, की आमची धूळ झटका, आम्हाला तेल घाला. मी तसं काही मागत नाही. तेल तर मुळीच नको. माझं मागणं वेगळं आहे. कुणासाठी काही करायला घ्याल तेव्हा आधी त्याच्यापाशी बसून त्याला काय हवं ते नीट ऐका. कुणी तुमच्यासाठी केलेलं खुपत असेल तर तोंड उघडून सांगा. आणि चूक दुरुस्त झाली असेल तर ती फळीवर ठेवू नका, त्याच दिवशी घेऊन जा. रस्ता केवढासा असतो!

हल्ली दादाकडे काम फारसं येत नाही. तरी तो सकाळी दोरा सोडून दार उघडतो, एक कोरा कागद घेतो, दुमडतो आणि त्यावर मला ठेवतो. पट्टी उचलण्याआधी तो माझ्याकडे न बघता, पूर्वीच्याच सवयीनं म्हणतो, "धर रे जरा."

मी धरतो. कागद सरकत नाही. फक्त 'हो दादा' म्हणायला इथे कुणी नाही.