मॅडम काहीच शिकवत नाहीत

मंजूषा बोरकर समजावून सांगायला लागली की वर्गातला पंखासुद्धा हळू फिरतो, असं तिचा नवरा नीळकंठ म्हणायचा. त्यात निम्मी थट्टा होती आणि निम्मं कौतुक. कोलार रोडवरच्या एका शाळेत ती विज्ञान शिकवायची. कुठलाही धडा द्या, बाई तो असा उलगडणार की मागच्या बाकावर पेंगणारासुद्धा मान डोलावणार. ही कला तिने उचलली होती दत्तात्रय सरांकडून. सर तिला लहानपणी विज्ञान शिकवायला होते आणि आता याच शाळेचे प्राचार्य होते. त्यांच्यासारखं समजावणारा माणूस अख्ख्या भोपाळमध्ये नाही, असं ती अजूनही म्हणायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

भानगड सुरू झाली ती दिवाळीनंतरच्या एका प्रशिक्षणात. एक मोठे तज्ज्ञ आले होते. शिक्षकाने वर्गात कमी बोलावं, मुलांना करू द्यावं, चुकू द्यावं, स्वतः फक्त सोबत राहावं, हे ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटेच बोलून सांगत होते. मध्ये कोणाला शंकासुद्धा विचारू दिली नाही. बाकीच्या शिक्षकांनी चहा घेतला, प्रमाणपत्र घेतलं आणि विषय तिथेच सोडून दिला. मंजूषाने मात्र तो मनावर घेतला. कारण त्याच आठवड्यात तिच्या मनाला एक गोष्ट लागली होती. नववीतल्या हुशार मुलीला तिने एक प्रश्न विचारला, तर मुलीने तिचंच उत्तर तिला परत दिलं, तिच्याच शब्दांत, अगदी मधल्या विनोदासकट. प्रश्न जरा फिरवून विचारला तेव्हा मुलगी गप्प, आणि वर्गही गप्प. आपण शिकवतो आणि ही मुलं आपल्याला पाठ करतात, हे त्या दिवशी तिला कळलं आणि फार वाईट वाटलं.

ठरवणं सोपं होतं, गप्प बसणं महाकठीण. ती प्रश्न विचारायची, मुलं एकमेकांकडे बघायची, आणि दोन श्वास होत नाहीत तोच उत्तर तिच्याच तोंडून बाहेर पडायचं. पहिले काही दिवस तर तिने चार गट करून चारही गटांना आळीपाळीने भाषण दिलं. शेवटी तिने एक युक्ती केली. प्रश्न विचारला की ती तोंडात एक लवंग टाकायची. लवंग तिखट लागते तोवर बोलायचं नाही, असा स्वतःशीच करार. नीळकंठला वाटलं दाढ दुखते, त्याने दाताच्या डॉक्टरांची वेळसुद्धा घेऊन ठेवली. पण लवंगेने काम केलं. हळूहळू त्या शांततेत मुलं बोलायला लागली. आधी चुकीचं, मग एकमेकांना चुकीचं ठरवत, आणि कधीकधी चक्क बरोबर.

मुलं घरी जाऊन काय सांगणार? मॅडम काहीच शिकवत नाहीत, सगळं आम्हालाच करायला लावतात. यात आघाडीवर होती रसिका, तीच ती हुशार मुलगी. वर्गात पहिली यायची आणि उत्तर वहीत उतरवून घेतल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. "मॅम, आंसर लिखवा दीजिए ना," हे तिचं रोजचं पालुपद. तिचे वडील विक्रांतराव शाळेच्या समितीवर पालकांचे प्रतिनिधी होते. सहामाहीत वर्गाचे गुण थोडे घसरले, तेव्हा त्यांनी समितीत विषय काढला. महाराणा प्रताप नगरातल्या एका क्लासचे सर दहावीला विज्ञान शिकवायला येऊ शकतात, असंही त्यांनी सुचवलं. बोर्डाचं वर्ष आहे, प्रयोग करत बसायची वेळ नाही.

दत्तात्रय सरांनी मंजूषाला बोलावून घेतलं. दार लावलं तेव्हाच तिला कळलं की गोष्ट साधी नाही. सर म्हणाले की शनिवारी मी आणि विक्रांतराव तुझा एक तास बघायला येतो. मुलं शिकताना दिसली तर तू याच मुलांबरोबर दहावीत जाशील. नाही दिसली तर दहावी त्या क्लासच्या सरांकडे आणि तुला सहावी. मग जरा थांबून ते मायेने म्हणाले, "एक दिवस तुझं नेहमीचं शिकव, मंजूषा. तुझ्यासारखं कोण समजावतं? कोणाला काही बोलायला जागा राहणार नाही."

सल्ला सोन्यासारखा होता आणि तोच तिला घ्यायचा नव्हता. ही मुलं तिला सोडायची नव्हती. आत्ता कुठे ती स्वतःच्या डोक्याने विचार करायला लागली होती. एक तास जुन्या पद्धतीने रंगवला असता तर मुलं तिच्याकडेच राहिली असती. पण मग दहावीत तिने कुठल्या तोंडाने गप्प बसायचं? घरी तिने हे सांगितलं तेव्हा नीळकंठ म्हणाला, एका दिवसाने काय बिघडतं. ती म्हणाली, एका दिवसानेच बिघडतं, आणि पिशवी उचलून बिट्टन मार्केटला भाजी-फळं आणायला गेली.

शनिवारी नववीच्या वर्गात मधोमध पाण्याने भरलेला मोठा टब होता आणि टेबलावर एक चांगलं जाडजूड टरबूज, बटाटे, लिंबं आणि द्राक्षांचा घड, शेजारी सुरी, पेले, ताटल्या आणि वजनकाटा. बाकं भिंतीला लावली होती. सर आणि विक्रांतराव मागे खुर्च्यांवर बसले. विक्रांतरावांनी ही भाजी बघून प्रयोगशाळेत आलोय की स्वयंपाकघरात, असा चेहरा केला.

मंजूषाने सुरुवातीला घनतेची व्याख्या विचारली. साऱ्या वर्गाने एका सुरात म्हटली, "मास पर युनिट व्हॉल्यूम." आठवीपासून पाठ होती, त्यामुळे शब्द इकडचा तिकडे नाही. सरांनी समाधानाने मान हलवली. मग तिने टरबूज दोन्ही हातांनी उचललं आणि विचारलं, हे पाण्यात टाकलं तर बुडेल की तरंगेल? ज्यांना बुडेल वाटतं त्यांनी हात वर करा, पाहुण्यांनीसुद्धा. वर्गभर हात वर गेले. रसिकाचा सगळ्यात उंच. विक्रांतरावांनी हात वर केला, आणि क्षणभर विचार करून दत्तात्रय सरांनीही.

टरबूज पाण्यात गेलं, एकदा डुबलं आणि वर येऊन ऐटीत डुलायला लागलं. मग तिने एक द्राक्ष सोडलं. द्राक्ष सरळ तळाला गेलं.

वर्गात असा गलका झाला की शेजारच्या वर्गातून कोणीतरी डोकावून गेलं. मंजूषाने एवढंच विचारलं की हे असं का, आणि तोंडात लवंग टाकली. मुलांनी टबाला गराडा घातला. कोणी म्हणालं टरबूज आतून पोकळ असेल. कापून बघितलं, कुठे पोकळी नव्हती, आणि कापलेली फोडही तरंगली. कोणी म्हणालं गोल वस्तू तरंगते. मग द्राक्ष काय चौकोनी आहे का, असं दुसऱ्याने ऐकवलं. चिन्मय नावाच्या मुलाने मात्र आपलं म्हणणं सोडलं नाही. जड बुडतं आणि हलकं तरंगतं, टरबुजात काहीतरी गडबड आहे. बटाटा घ्या. पुरेसा बारीक केला तर तो तरंगलाच पाहिजे.

मंजूषाने त्याला बटाटा कापून दिला. अर्धा बुडाला. पाव बुडाला. सुपारीएवढा तुकडा बुडाला. चिन्मय हट्टाला पेटला, अजून बारीक, मॅम, अजून बारीक. शेवटी कागदासारखी पातळ एक चकती त्याने अलगद पाण्यावर ठेवली आणि ती तरंगली. चिन्मयने विजयाने सगळीकडे बघितलं, फळ्याकडे गेला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, हलकी वस्तू तरंगते. निम्म्या वर्गाने टाळ्या वाजवल्या.

हे धडधडीत चूक होतं. मंजूषाला ते माहीत होतं. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेला असतो, त्याने ती चकती वरच्या वर धरून ठेवली होती. हे तिला दोन वाक्यांत सांगता आलं असतं, आणि फार सुंदर सांगता आलं असतं. प्राचार्य बसलेले, समितीचा माणूस बसलेला, आणि तिच्या फळ्यावर चुकीचा नियम. लवंगेचा तिखटपणा कधीच संपला होता. तरीही ती गप्प राहिली. फक्त विचारलं की सगळ्यांना हे पटलं का.

विक्रांतराव मोबाईल काढून फळ्याचा फोटो घ्यायला लागले. दत्तात्रय सरांना मात्र बसवेना. आयुष्यभर ज्या माणसाने फळ्यावर चूक टिकू दिली नाही, त्याने आता का टिकू द्यावी? ते उठले, फळ्यापाशी गेले, डस्टर उचललं, खडू हातात घेतला आणि त्यांच्या त्या भारदस्त, गोड आवाजात म्हणाले, "इकडे बघा मुलांनो. घनता म्हणजे खरं काय, ते मी तुम्हाला सांगतो."

वर्ग वळला. संपलं, असं मंजूषाला वाटलं. मुलांच्या हातचं काढून घेतलं की ते पुन्हा देता येत नाही, हे इतक्या दिवसांत ती शिकली होती.

"सर, प्लीज, अभी मत बताइए."

आवाज रसिकाचा होता. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते आणि ती टबाजवळून उठलीसुद्धा नव्हती.

विक्रांतराव खुर्चीवरूनच म्हणाले, "रसिका, सर स्वतः सांगताहेत ना? ऐक नीट. वहीत लिहून घे."

"पप्पा, सर सांगतील ते मला पाठ आहे," रसिका म्हणाली. "एक वर्षापासून पाठ आहे. तरी मी टरबूज बुडणार म्हणून हात वर केला. तुम्ही पण केला. मला आता ऐकायचं नाहीये, मला बघायचंय."

एवढं बोलून तिला स्वतःलाच भीती वाटली असावी, कारण तिने पटकन मान खाली घातली आणि बोटाने ती बटाट्याची चकती जराशी दाबली. चकती बुडाली, तळाला गेली आणि परत वर आली नाही. चिन्मय ओरडला की तू मुद्दाम बुडवलीस. रसिका म्हणाली, मग टरबुजाची फोड बुडवून दाखव. चिन्मयने फोड तळापर्यंत दाबली आणि सोडली. फोड उसळून वर आली, त्याच्या शर्टावर पाणी उडवून. मग कोणी न सांगता जाऊन त्याने स्वतःच्या हाताने फळ्यावरची ओळ पुसली. डस्टर त्याने दत्तात्रय सरांच्या हातून मागून घेतलं होतं.

पुढचं मंजूषाला धड आठवत नाही, कारण तिला त्यात फारसं काही करावंच लागलं नाही. लहानमोठं असून फरक पडत नाही, म्हणजे वजन नुसतं बघून चालणार नाही, हे एका मुलाने म्हटलं. मग कशाशी ताडून बघायचं, एवढं तिने विचारलं. तिने दुसरी लवंग तोंडात टाकली आणि वाट बघत राहिली. मग रसिका म्हणाली, बटाट्याने पाण्यात जेवढी जागा घेतली, तेवढ्याच पाण्याशी. पण तेवढंच पाणी मोजून कसं घ्यायचं, यावर पुन्हा भांडण. काठोकाठ भरलेला पेला ताटलीत ठेवून त्यात बटाटा सोडायचा आणि सांडलेलं पाणी तोलायचं, ही कल्पना चिन्मयची निघाली. बटाटा सांडलेल्या पाण्यापेक्षा जड भरला. टरबुजाची फोड पेल्यात बोटाने पूर्ण दाबून धरली, तेव्हा सांडलेलं पाणी फोडीपेक्षा जड भरलं. रसिकाने वजनकाट्यावरचा आकडा दोनदा बघितला. मग ती वडिलांकडे धावत गेली आणि त्यांचा हात धरून त्यांना टबापाशी घेऊन आली. विक्रांतरावांनी कोट सांभाळत स्वतः एक बटाटा पेल्यात सोडला.

घंटा झाली. फळ्यावर एक अक्षरही नव्हतं. घनता हा शब्द पहिल्या मिनिटानंतर कोणी उच्चारलासुद्धा नव्हता. मुलं हलायला तयार नव्हती, त्यांना आता लिंबू तोलायचं होतं.

दत्तात्रय सर अजून खडू धरून फळ्यापाशीच उभे होते. मंजूषा त्यांच्याजवळ गेली. सर हळूच, मुलांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "आता तरी सांगू का गं? त्यांना कळलंय ते. नुसतं नाव द्यायचं बाकी आहे."

ज्यांच्याकडून ती सगळं शिकली त्या माणसाला तिने आजवर कशालाच नाही म्हटलं नव्हतं. आणि तिची दहावी त्यांच्याच हातात होती.

"नाही सर," ती म्हणाली. "सोमवारी तेच विचारतील, याला काय म्हणायचं म्हणून. तेव्हा सांगेन."

"आणि दहावीतही हे असंच चालवणार?"

"हो."

"निकाल कमी लागला तर?"

"तर माझ्याकडून काढून घ्या. पण मी जोवर शिकवतेय तोवर असंच."

सरांनी टबाकडे बघितलं. तिथे विक्रांतराव मुलीला काहीतरी विचारत होते आणि मुलगी सांगत नव्हती, पेला त्यांच्या हातात देत होती. त्यांनी खडू खिशात टाकला आणि हात झटकले.

"विक्रांतराव," त्यांनी हाक मारली. "क्लासच्या सरांना निरोप द्या, त्यांनी यायची गरज नाही. दहावीचं विज्ञान मंजूषा मॅडमच घेतील." मग तिच्याकडे वळून ते जरा रागाने आणि बऱ्याचशा कौतुकाने म्हणाले, "एवढं तरी मला सांगू दे."

मंजूषाला हसू आलं आणि डोळेही भरून आले. पण तिकडून चिन्मय लिंबू कापून द्या म्हणून हाका मारत होता, म्हणून ती सुरी घेऊन टबाकडे गेली.