पठारावरची फेरी

"क्लच हळू सोड. गाईची धार काढून झाल्यावर हात कसा काढतो, तसा."

"आत्या, मी जन्मात कधी धार काढली आहे का?" नोएमी म्हणाली, आणि गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

गुरांच्या बाजाराचं मैदान रिकामं होतं. लोखंडी कठडे, वाळलेलं शेण आणि मधोमध जोझेतची छोटी पांढरी गाडी. जोझेतने हँडब्रेक ओढला. भाचीच्या चेहऱ्यावर चीड असती तर तिला बरं वाटलं असतं. तिथे नुसता शांत कंटाळा होता. चर्चमधली प्रार्थना लांबली की लहान पोरांच्या चेहऱ्यावर असतो तसा.

"पुन्हा कर."

"करते. पण तुला खरं सांगू? मी हे तुझ्यासाठी करतेय."

जोझेत कांतालच्या पठारावर घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं बघायची. त्यांना उठवायचं, अंग पुसून द्यायचं, गोळ्या द्यायच्या, चूल पेटवायची, कोबीचं सूप गरम करायचं आणि ते संपेपर्यंत समोर बसायचं, कारण एकट्या माणसाला घास उतरत नाही. तिच्याकडे सहा घरं होती, सहा वाड्यांच्या सहा टोकांना. मध्ये नुसती कुरणं आणि वारा. या फेरीत तिची उमेदीची वर्षं गेली होती आणि आता डोळाही चालला होता. उजव्या डोळ्याच्या मधोमध एक करडा डाग बसला होता, डाव्यातही तो उमटू लागला होता. डॉक्टर म्हणाले होते, "अजून काही महिने, तेही दिवसाउजेडी. येता हिवाळा संपला की किल्ली ठेवून द्या."

नोएमी तिच्या भावाची मुलगी. क्लेरमाँ शहरात वाढलेली, वीस वर्षांची, नुकतंच या कामाचं शिक्षण घेतलेली. ती उन्हाळ्यापुरती आली आणि सगळ्यांना तिचा लळा लागला. बातिस्त नावाचा एक जुना गुराखी होता, तो दाढीला कोणाला हात लावू द्यायचा नाही, जोझेतलाही नाही. नोएमीसमोर तो मान वर करून डोळे मिटायचा. फेरीचं काम बघणाऱ्या संस्थेच्या कोलेतबाईंनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "फेरी हिलाच देऊ. लायसन तेवढं काढू दे."

तेवढंच तर होत नव्हतं.

"तुमच्या वर्गात कुणाकुणाकडे लायसन आहे?" परतताना जोझेतने विचारलं. आता तीच चालवत होती.

"असतील दोघं-तिघं. ती खेड्यातली."

"आणि बाकीच्यांना कुठे जायचंच नसतं?"

"जायचं असतं की. ट्राम आहे, आगगाडी आहे, कुणीतरी त्या बाजूला निघालेलं असतंच, त्याच्याबरोबर जातो." नोएमी तिच्याकडे वळली. "आत्या, तुला घोड्यावर बसता येतं?"

"नाही."

"तुझ्या आजोबांना यायचं. तुला त्याची लाज वाटते?"

"घोड्याचं वेगळं."

"मला गाडीचं तसंच वाटतं. राग नाही, भीती नाही. नकोच वाटते. शिवाय धुराने हवा बिघडते ती वेगळीच."

जोझेतने गिअर बदलला. याचं उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखं नव्हतं.

तिच्या आईला गाडी येत नव्हती. घरात गाडी होती, पण ती वडिलांची. दाढ दुखली तरी आई आधी त्यांचा चेहरा बघायची, मग विचारायची. वडील वाईट नव्हते. ते फक्त "बघू" म्हणायचे, आणि त्या बघूमध्ये दाढ किडून जायची. जोझेत चीजच्या कारखान्यात लागली आणि पहिल्याच वर्षी तिने बाजारातली सगळ्यात स्वस्त गाडी घेतली. काचा हाताने फिरवायच्या, मागे बसलं की गुडघे हनुवटीला टेकायचे. पहिल्या रविवारी तिने आईला शेजारी बसवलं आणि मावशीकडे मियो गावी नेलं. दोघी बहिणी कित्येक वर्षांनी भेटत होत्या. परतताना आई वाटभर खिडकीची काच खाली-वर करत राहिली.

हे सगळं नोएमीला सांगावं असं जोझेतला बरेचदा वाटलं. पण नोएमीने आयुष्यात कधी कोणाला विचारून पाऊल टाकलं नव्हतं. तिला काय कळणार?

बातिस्तने मात्र आपल्या परीने प्रयत्न केला. नोएमी त्याच्या गालाला साबण लावत होती.

"आमच्या वेळी गाडी नसली तर पोरी नाचायला यायच्या नाहीत."

"मग तुम्ही काय केलंत?"

"भावाची पळवली. पोरगी मिळाली. मग भावाला कळलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, गाडी परत दे. बायको ठेव."

नोएमी इतकी हसली की वस्तरा बाजूला ठेवावा लागला. चुलीपाशी उभ्या जोझेतलाही हसू आलं. बातिस्त एकटाच गंभीर होता. "म्हणून सांगतो पोरी, गाडी शीक."

"तुम्ही मान वर करा," नोएमी म्हणाली.

ऑगस्टमध्ये तिने मैदानावर यायचं थांबवलं आणि क्लेरमाँहून बॅटरीवर चालणारी सायकल आणली. मागे दोन मोठ्या पिशव्या लावल्या. कोलेतबाईंना जाऊन भेटली आणि म्हणाली, मला हिवाळ्यापर्यंत करून बघू द्या. दुसऱ्या कोणी अर्जच केला नव्हता, त्यामुळे बाई हो म्हणाल्या.

बेकरीत आठवडाभर तोच विषय. "बॅटरी संपली की गाय जुंपणार का?" "जोझेत, तू तुझी गाडी मागून काढ, ढकलायला." जोझेत हसून पाव उचलायची आणि बाहेर पडायची. पण सप्टेंबर गेला, ऑक्टोबरही अर्धा गेला आणि चेष्टा कमी झाली. नोएमी चढावर धापा टाकत, लाल होऊन पोचायची, पण पोचायची. वाटेत थांबून रासबेरी तोडायची, कुंपणातली फुलं आणायची. आजी लेओनी, जी सहा घरांतली सर्वात तक्रारखोर, एक दिवस जोझेतला म्हणाली, "तुझी गाडी लांबून वाजायची. ही केव्हा येते कळतच नाही. बघावं तर खिडकीत हसत उभी. आणि बाहेरचा वास घेऊन येते गं अंगाला."

जोझेत बरं म्हणाली. घरी आली आणि शेडमध्ये जाऊन गाडी पुसत बसली. गाडी स्वच्छच होती.

तिला नोएमीचं वाईट व्हावं असं वाटत नव्हतं. पण एकदा तरी, एकाच दिवशी, पोरीने म्हणावं की आत्या, तुझं बरोबर होतं, एवढं मात्र तिला हवं होतं. माणसाच्या मनात इतकुसं काही असतं आणि पुढे तेवढंच पुरतं.

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला. पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं, चिकट, घसरडं काहीतरी, आणि वर एसीर सुटलेला. तो वारा पठारावर पडलेला बर्फ उचलून पुन्हा माणसाच्या तोंडावर फेकतो. उजाडलं होतं. जोझेत कॉफी घेत होती तेव्हा फोन वाजला. नोएमी गावातच, बेकरीच्या वरच्या खोलीत राहायची.

"आत्या, बाहेर बघितलंस? आज मला सोडशील का? नुसतं बातिस्तपर्यंत. पुढचं मी बघते."

गाडीची किल्ली समोरच खुंटीला होती. तिला ती अजून स्पष्ट दिसत होती.

"तुझी सायकल आहे ना," जोझेत म्हणाली.



"आहे," नोएमी म्हणाली. "बरं."

जोझेतने कप विसळला. आता फोन करावा आणि म्हणावं, थांब, येते, असं मनात आलं. मग वाटलं, तासाभराने जाऊ. थोडं कळू दे तिला. बघू.

तो शब्द मनात आला तसा तिने चटकन कोट चढवला. पण कोट, बूट, शेडचं गोठलेलं दार, काचेवरचा बर्फ, यात जो वेळ जायचा तो गेला. ती गावाबाहेरच्या वळणावर पोचली तेव्हा समोरून दुधाचा टँकर येत होता. चालकाने हात दाखवून थांबवलं.

"तुमच्या पोरीला आत्ताच नेलं. रस्त्यात गुरं अडवायला बसवलेल्या लोखंडी जाळीवर सायकल घसरली. हात मोडलाय. शुद्धीत आहे."

तालुक्याच्या दवाखान्यात जोझेतला दोन तास बाहेर बसवलं; आत सोडलं तेव्हा नोएमी एका खाटेवर बसली होती. मनगट सुजून गोळा झालं होतं, ओठ पांढरे. जोझेतला बघून ती आधी म्हणाली, "बातिस्त वाट बघत असतील. तू तिकडे जा."

"जाते. पण तू..."

इतक्यात जोझेतचा भाऊ आत आला. दवाखान्याचा फोन गेल्यावर कामावरून तसाच निघून तो थेट क्लेरमाँहून आला होता. घाबरलेला माणूस ओरडतो तसा तो ओरडला.

"सायकलने! या दिवसांत! तुझ्या आत्याने किती सांगितलं तुला. स्वतःची गाडी देते म्हणाली. नाही, आमच्या बाईसाहेबांना पृथ्वी वाचवायची. आता बस."

नोएमीने मान वळवून जोझेतकडे बघितलं. त्या नजरेत दोष नव्हता. ती वाट बघत होती, एवढंच.

जोझेतला बोलायचं होतं. तोंडात शब्दही आला होता. पण भावाने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू तरी काय करणार होतीस, जोझेत," आणि ती गप्प राहिली.

नोएमीने नजर काढून घेतली. सकाळच्या फोनबद्दल वडिलांना ती काही बोलली नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही.

दुपार झाली तेव्हा जोझेत बातिस्तच्या घरी पोचली. चूल थंड होती. तो खिडकीशी खुर्चीत बसला होता, गळ्यात टॉवेल खोचलेला. दाढीचं पाणी त्याने स्वतःच भांड्यात काढून ठेवलं होतं, तेही गार झालं होतं.

"पोरगी?" त्याने विचारलं.

"पडली. हात मोडला."

"सायकलवरून?"

"हो."

"तू कुठे होतीस?"

"घरी," जोझेत म्हणाली, आणि चुलीपाशी वाकून काटक्या रचू लागली.

पुढचं सगळं रीतसर झालं. कोणी वाईट वागलं नाही. कोलेतबाई स्वतः घरोघरी गेल्या, हात धरून बोलल्या. फेरी घ्यायला कोणी नाही. तरुण माणसं येतात, काम त्यांना आवडतं, पण गाडी नाही आणि गाडीशिवाय हे पठार कसं करणार? लेओनीला मुलाने तूलूझला नेलं. बाकीच्यांना तालुक्याच्या वृद्धाश्रमात जागा मिळाली. बातिस्तला जोझेतनेच सोडलं, डिसेंबरातल्या एका लख्ख सकाळी. तो नवा सदरा घालून बसला होता. आश्रमाच्या दाराशी गाडी थांबली तरी उतरेना.

"काय झालं?"

"काही नाही. गरम आहे इथे. जरा बसू."

दोघं बसली. आतून एक मुलगी चाकाची खुर्ची घेऊन आली आणि पायरीवर थांबून राहिली. बातिस्तने तिच्याकडे बघून घेतलं. "हिला दाढी जमत नसणार," तो म्हणाला, आणि दाराचा खटका शोधू लागला.

जोझेतने हिवाळा संपायची वाट बघितली नाही. बेकरीत पाटी लावली: छोटी गाडी, नीट ठेवलेली. गावात तरुण होते तीन-चार. एकानेही चौकशी केली नाही. शेवटी शेजारच्या खेड्यातला एक तिच्याहून म्हातारा माणूस आला, त्याने चाकांना लाथा मारून बघितल्या आणि गाडी घेऊन गेला.

एप्रिलमध्ये ती क्लेरमाँला गेली. गावातली बस आठवड्यातून दोनदा. ती बस, मग आगगाडी. स्टेशनवर नोएमी उभी होती. तिला शहरातच काम मिळालं होतं, एका वस्तीतली म्हातारी माणसं, सगळी ट्रामच्या एकाच मार्गावर. एकाच सकाळी आठ घरं करते म्हणाली. एक बाई तर तिच्याशिवाय जेवत नाही.

ट्राम भरलेली होती. नोएमीने आत्याला जागा मिळवून दिली आणि स्वतः समोर दांडी धरून उभी राहिली. जोझेतने खाली मान घालून बोलायला सुरुवात केली, कारण वर बघितलं की चेहऱ्याच्या मधोमध तो डाग यायचा.

"त्या दिवशी मी तुला सोडायला हवं होतं. तू विचारलं होतंस."

 ट्राम वळली, माणसं एका बाजूला झुकली, पुन्हा सरळ झाली.

"हो," ती म्हणाली.

"आणि तुझ्या बापासमोर मी..."

"हो आत्या. माहीत आहे."

तिचा आवाज कडू नव्हता. पण ती 'असू दे' म्हणाली नाही, आणि जोझेतनेही त्याची वाट बघितली नाही. शेजारी शाळेची पोरं फोनवर काहीतरी बघून हसत होती. काचेबाहेर शहर सरकत होतं. जोझेतला त्याच्या नुसत्या कडा दिसत होत्या.

"इथे उतरायचंय," थोड्या वेळाने नोएमी म्हणाली. "ऊठ सावकाश."

तिने उजवा हात पुढे केला. मनगट अर्धवटच वळलं आणि थांबलं. तिने तो मागे घेतला आणि डावा पुढे केला. जोझेतने तो धरला आणि पायाने चाचपत पायरी शोधली.