बंद बॉनेटचा आकडा

उस्ताद गेले त्याला चार महिने झाले होते, तरी गॅरेजच्या दारातून आत येणारा माणूस अजून आधी डावीकडच्या स्टुलाकडेच बघायचा. दातांच्या डॉक्टरांनीही तिकडेच बघितलं. मग घसा खाकरून ते उस्तादांच्या थोरल्या मुलीकडे वळले.

"ताई, गाडीला काहीतरी झालंय. म्हणजे तसं काहीच झालेलं नाही, पण काहीतरी आहे." आणि स्वतःच हसले. "माझे पेशंट असंच बोलतात. दुखत नाही म्हणतात, फक्त झोप लागत नाही."

बाहेर त्यांची लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार उभी होती. दोन महिन्यांपूर्वी तिच्यातला कंपनीचा एअर फिल्टर, त्याच्या काळ्या डब्यासकट, काढून डॉक्टरांनी बाहेरचं इनटेक किट बसवून घेतलं होतं. जाड चकचकीत नळी आणि तिच्या टोकाला शंकूसारखा उघडा फिल्टर. आवाज असा, की सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस मान वळवून बघायचा. सिग्नल सुटला की तोच माणूस पुढे निघून जायचा.

"ट्रॅफिकमध्ये अर्धा तास रखडलं की गाडी मेल्यासारखी होते," डॉक्टर म्हणाले. "मोकळा रस्ता मिळाला की हळूहळू जीव येतो. ताकद वाढायला हवी होती ना? अकरा घोडे?"

"अकरा कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? उस्तादांनी." त्यांनी बॅगेतून एक कागद काढला. किटबरोबर दुकानदार ही झेरॉक्स देत होता. अशीच गाडी, हेच किट. कंपनीचा फिल्टर, दोनशे एकतीस हॉर्सपॉवर. नवा फिल्टर, दोनशे बेचाळीस. खाली तारीख गेल्या वर्षीची, आणि तिच्या वडिलांची सही. "व्हिडिओ बघून बघून डोकं उठलं होतं. एक म्हणतो घ्याच, दुसरा म्हणतो पैसे पाण्यात. मग हा कागद बघितला. म्हटलं, उस्तादांनी मोजलंय, विषय संपला."

विषय संपायचाच. जमिनीत बसवलेल्या रोलरवर गाडीची चाकं चढवायची, गाडी जागच्या जागी पळवायची आणि इंजिनाची ताकद मोजायची, एवढाच उस्तादांचा धंदा. त्यांनी कधी कुठला पार्ट विकला नाही. मोजणाऱ्याने विकू नये आणि विकणाऱ्याने मोजू नये, म्हणायचे. बाकीचे गॅरेजवाले बॉनेट उघडं टाकून, समोर भलामोठा पंखा लावून मोजत. उस्तादांकडे आधी वीस मिनिटं इंजिन तापवायचं, मग बॉनेट बंद, मग आकडा. "रस्त्यावर कुणी बॉनेट उघडून गाडी चालवतं का?" थोरली एकोणीस वर्षांची असताना एकदा विसरली, तर गिऱ्हाइकासमोर त्यांनी कागद फाडून तिच्या हातात ठेवला होता. तीन दिवस ती त्यांच्याशी बोलली नव्हती. चौथ्या दिवशी तिनेच बॉनेट आधी बंद केलं.

तिने डॉक्टरांना ऑफिसात बसवलं आणि गाडी रोलरवर घेतली. पट्टे आवळले, इंजिन तापू दिलं, बॉनेट लावलं. तीनदा मोजलं. दोनशे सत्तावीस, सव्वीस, सव्वीस. स्क्रीनच्या कोपऱ्यात इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान होतं, चौपन्न अंश.

कंपनीचा डबा टाकवला नाही म्हणून डॉक्टरांनी डिकीतच ठेवला होता. तो परत बसवायला तास गेला. त्या डब्याचं तोंड बंपरमागे बाहेरच्या हवेत उघडतं. उघडा फिल्टर मात्र इंजिनाच्या उशाशी बसून त्याचीच गरम वाफ ओढतो. पुन्हा तीनदा मोजलं. एकतीस, तीस, एकतीस. हवा छत्तीस अंश. ज्याच्यासाठी डॉक्टरांनी हौसेने खर्च केला, त्याने ताकद चार-पाच घोड्यांनी कमीच केली होती.

यात तिला नवल वाटलं नाही. तिने वडिलांचा कागद पुन्हा उजेडात धरला. नव्या फिल्टरच्या रकान्यात हवेचं तापमान लिहिलेलं होतं, सदतीस.

बंद बॉनेटखाली उघड्या फिल्टरला सदतीस अंशांची हवा मिळत नाही. कुठल्याच गाडीत मिळत नाही. तरीही खात्री करायची म्हणून तिने किट पुन्हा चढवलं, बॉनेट उघडं ठेवलं, समोर पंखा लावला, आणि मोजलं. दोनशे एक्केचाळीस. ती बराच वेळ त्या आकड्यासमोर उभी राहिली. पंखा चालूच होता.

धाकटा भाऊ मागच्या खोलीत ब्रेक साफ करत होता.

"बाबांनी बॉनेट उघडं ठेवून मोजलंय," ती म्हणाली.

"मशीन जुनं झालंय."

"मशीन तेच आहे."

"मग हवामान असेल."

"बारक्या."

तो फडक्याने ब्रेक पुसत राहिला. तिच्या तोंडून जे जाऊ नये ते गेलं. "दुकानदाराने त्यांना काही..."

"तोंड सांभाळ, ताई." त्याने हातातलं फडकं आपटलं. "त्या माणसाने उभ्या जन्मात कुणाचा चहा फुकट प्यायला नाही. तू दुसऱ्या गावात कारखान्यात इंजिनं तपासत होतीस. इथे मी होतो."

"मग सांग ना. तू होतास तर सांग."

त्याने फडकं उचललं, घडी केली, पुन्हा उलगडलं.

"त्यांच्या उजव्या हातात जोर राहिला नव्हता. पाना डाव्या हाताने धरायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं. आणि या गाडीचं बॉनेट तुला माहितीये, दोन्ही तळव्यांनी दाबल्याशिवाय लॉक बसत नाही. त्यांनी तीनदा दाबलं. दुकानदार समोर उभा. मी पुढे झालो तर म्हणाले, सर बाजूला, माझे हात अजून शाबूत आहेत. चौथ्यांदा दाबलंच नाही. म्हणाले, राहू दे उघडं, आज फार उकडतंय."

"आणि तू?"

"मी राहू दिलं."

"दुसऱ्या दिवशी तरी?"

"दुसऱ्या दिवशी त्यांनी विषय काढला नाही. मग मी कशाला काढू?"

दर रविवारी ती वडिलांना फोन करायची. तब्येत कशी आहे विचारलं की पलीकडून एकच शब्द यायचा, ठणठणीत. तो शब्द तिने दर आठवड्याला, न मोजता, खरा मानला होता.

"हे बघ," धाकटा हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टरांना सांग की किट नीट बसवलं नव्हतं. बसवणाऱ्यावर ढकल. कंपनीचा डबा लावून दे, गाडी पळेल, माणूस खूश. बाबा गेलेत, ताई. त्यांच्यापाशी आता नावाशिवाय आहे काय?"

हे तिलाही कळत होतं. एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते वाक्य फारसं खोटंही नव्हतं. ती ऑफिसच्या दारापर्यंत ते मनात जुळवत गेली. डॉक्टर चष्मा वर करून वडिलांचे सगळे आकडे बोट ठेवून वाचत बसले होते. तिने त्यांच्यासमोर आजचा कागद ठेवला, तिन्ही वेळांचा, आणि बॉनेटचं सांगून टाकलं.

"म्हणजे उस्ताद चुकले?"

चुकले म्हणणं सोपं होतं. "नाही," ती म्हणाली. "त्यांना माहीत होतं. बॉनेट लावायला हात चालत नव्हता, आणि तसं सांगायला तोंड उघडलं नाही. सही मात्र केली."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग म्हणाले, "कंपनीचा डबाच परत लावून द्या. आवाजाची सवय झाली होती, जाईल." उठता उठता थांबले. एक कीड सापडली की शेजारचा दात आपोआप ठोकून बघावा, तसं त्यांनी अगदी सहज विचारलं, "त्या काळातले बाकीचे कागद?"

थोरलीने दुकानदाराला फोन केला. तो हसला. "अहो ताई, लोक आवाजासाठी घेतात. आकडा कोण बघतो?"

"मग झेरॉक्स कशाला देता?"

त्याचं हसू थांबलं. "उस्तादांच्या लेकीने त्यांच्याच कागदाला खोटं म्हणावं? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. ती झेरॉक्स आजपासून बंद."

मग तिने गेल्या वर्षीची फाइल काढून टेबलावर उघडली. धाकटा दारात येऊन उभा राहिला. आत यावं की नाही हे त्याचं ठरत नव्हतं. तिने काही न बोलता एक एक कागद त्याच्याकडे वळवायला सुरुवात केली.

"हा बंद होता. मीच लावलं होतं, ते चहाला गेले होते तेव्हा." पुढचा. "हा उघडा." पुढचा. "हा... ठाऊक नाही, ताई. खरंच ठाऊक नाही."

असे उघडे आणि ठाऊक नसलेले मिळून नऊ निघाले. ज्या लोकांनी या आकड्यांवर भरवसा ठेवून गाड्यांची पोटं उघडली, कंपनीचे डबे भंगारात टाकले, ते नऊ जण. नंबर कागदावरच होते, वडिलांच्या अक्षरात. शेवटच्या शेवटच्या कागदांवर ते अक्षर डावीकडे कललं होतं. डाव्या हाताचं होतं ते. झेरॉक्सवरही असणार, बघितलं कुणी नव्हतं.

पहिला नंबर तिने लावला. दोन रिंगमध्येच उचलला गेला.

"अरे वा, गॅरेजमधून? उस्ताद कसे आहेत?"

तिने पुढ्यातला कागद सरळ केला. "ते गेले. चार महिने झाले. मी फोन मात्र दुसऱ्या कामासाठी केलाय. तुमच्या गाडीचा आकडा त्यांनी दिला होता, तो..."

"थांबा थांबा. गाडीचं राहू द्या." पलीकडचा आवाज एकदम खाली आला. "काय झालं त्यांना? मला कुणी सांगितलंच नाही. कधी आजारी पडले?"

धाकट्याने मान फिरवली. सांगायच्या दोन गोष्टी होत्या आणि त्यातली कुठली आधी, हे ती फोन लावायच्या आधीपासून ठरवत होती.

"उजव्या हातापासून सुरू झालं," ती म्हणाली.